खिळे जुळविण्याचा पहिला पाठ

छापण्याची कला शिकावयाची म्हणजे यंत्र चालवावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः नवशिक्याच्या हाती यंत्र फार उशिरा येते. प्रथम त्याच्यापुढे येतात त्या केसी, म्हणजे लहान लहान खणांची उथळ लाकडी खोकी, आणि त्या खणांतील शिशाचे खिळे. नांदगाव पेठेहून अमरावतीस जाऊन एका जुन्या छापखान्यात काही दिवस आम्ही हा पाठ घेतला. त्यावरून या विद्येची जी ओळख झाली ती वाचकांस सादर करितो.

निव्वळ शिसे मऊ असते, म्हणून खिळ्याच्या धातूत अँटिमनी व कथील मिसळितात. अँटिमनीमुळे कठीणपणा येतो व अक्षराच्या कडा रेखीव उतरतात. खिळ्याची उंची सुमारे ०.९१८ इंच असते, आणि ती सर्वांची एकच असावी लागते. एखादा खिळा ठेंगणा असला तर त्यास शाई लागत नाही. उंच असला तर तो कागदात रुततो. शिसे पोटात जाणे विषारी, सबब काम संपल्यावर हात साबणाने धुतल्यावाचून खाण्याच्या पदार्थास शिवू नये, हा येथील पहिला नियम होय.

जुळारी डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरितो व उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तीत डावीकडून उजवीकडे मांडीत जातो. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती नेहमी वरच्या बाजूस ठेवावयाची. असे केले म्हणजे ओळीचा क्रम नेहमीचाच राहतो, परंतु प्रत्येक अक्षर पाण्यातील प्रतिबिंबाप्रमाणे वरचे खाली झालेले दिसते. शिरोरेघ तळाशी, उकार डोक्यावर, मात्रा पायाशी! आपण जन्मभर वाचीत आलेली लिपी प्रथमदर्शनी परकी वाटते. मात्र दोनतीन दिवसांत डोळा सरावतो, आणि मग ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘ब’ व ‘व’ यांतील सूक्ष्म भेद पूर्वी कधी दिसला नव्हता इतका स्पष्ट दिसू लागतो.

इंग्रजी जुळाऱ्याचे काम दोन केसींत भागते. आपल्या जुळाऱ्याभोवती मूळाक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे व स्वरचिन्हे यांच्या अनेक केसी मांडाव्या लागतात. शिवाय मुंबईकडे रूढ झालेल्या डिग्री पद्धतीत प्रत्येक ओळ तीन थरांची असे: मध्ये अक्षर, वर मात्रा, खाली उकार. ‘कुठे’ हा दोन अक्षरांचा शब्द घ्या. मधल्या थरात ‘क’ आणि ‘ठ’, खालच्यात ‘क’चा उकार, वरच्यात ‘ठ’ची मात्रा, आणि ‘क’च्या वर व ‘ठ’च्या खाली जी जागा रिकामी राहते तीही कोऱ्या तुकड्यांनी भरावी लागते. ढोबळ मानाने सहा तुकडे झाले! अखंड पद्धतीत हे थर नसत. पण त्या मानाने वेगवेगळ्या खिळ्यांची संख्या वाढे. लोकमान्य टिळकांसारख्या कार्यमग्न पुरुषानेही मराठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत वेळ घालविला, याचे नवल ‘कुठे’ एकदा जुळवून पाहणाऱ्यास वाटणार नाही.

ही विद्या पुस्तकाने क्वचितच शिकविली. ती छापखान्यातच शिकली गेली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली दूर बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ च्या सुमारास सुरू झाला. पुढे तेथे टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी अक्षरांचे सुबक ठसे कोरले, आणि त्यांच्या हाताखाली जावजी दादाजी या मुलाने खिळ्यांचे काम पाहिले. त्याच जावजींनी १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता व टाइपाचे सौष्ठव पाहिले असता, मिशनच्या त्या छापखान्यास आम्ही एक उत्तम शाळाच म्हणू.

आता ऑफसेट व संगणक यांनी खिळ्यांचा व्यवहार जवळजवळ संपविला आहे. लग्नपत्रिका व पावतीपुस्तके यांवर चालणारी पायाची ट्रेडल यंत्रे धूळ खात पडली. मणांनी टाइप मोडीत गेला आणि वितळला. खिळे ओतणारे कारखाने बहुतेक उठले, त्यामुळे शिल्लक केसीतून एक अक्षर हरवले तर दुसरे आणावे कोठून, हा प्रश्न असतो.

म्हणून जुळणीपेक्षाही कसोटीचे काम ते छापून झाल्यावरचे. फर्म्यातील खिळे रॉकेलने पुसून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावयाचे असतात. केस एकट्याची नसते. सकाळी एक शिकणारा, दुपारी दुसरा. जुळविणारा हात खणाकडे न पाहताच जातो, त्यामुळे एकाने चुकीच्या खणात टाकलेला खिळा दुसऱ्याच्या ओळीत जाऊन बसतो, व चूक त्याच्या नावावर पडते. ती कोणाची, हे शोधण्यास मार्ग नाही. आमच्या छापखान्यातील वृद्ध जुळारी नवशिक्याने खिळे परत टाकले की स्वतः उठून येतात, प्रथम ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या खणांतून बोट फिरवितात, नंतर ‘भ’ आणि ‘म’ यांच्या, आणि मगच त्यास दुपारची रजा देतात.