चहापायी उपटलेली झुडपं

या रे पोट्टेहो, गच्चीवर पाणी शिंपडलंय, बसा. मारुतीला वाहायला रुईची पानं आणली ना, त्यातलं एक द्या इकडे. आता त्यावर बोट घासा. पांढरी भुकटी लागली? ते मेण आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, कुलरही हात टेकतो. पण कुंपणाजवळची रुई हिरवीगार. मेणामुळे तिच्या पानातलं पाणी सहजी उडत नाही.

अशीच एक पाणी जपणारी मंडळी मला पार लडाखमध्ये भेटली. चांगथांगात, त्सो कार सरोवराजवळ आम्ही तंबू ठोकला होता. उंची साधारण 4500 मीटर. आपलं नागपूर जेमतेम 310 वर. आपल्याकडे वर्षाला 110 सेंटीमीटरच्या आसपास पाऊस, लेहला कसाबसा 10. पावसाळी ढग हिमालय चढतानाच रिते होतात, पलीकडे पोचतो तो कोरडा वारा. म्हणजे वाळवंटच, फक्त गार! रात्री बाटलीतलं पाणी गोठलं.

त्या माळावर राखाडी, वीतभर झुडपं होती. तिकडे त्यांना बुर्त्से म्हणतात. पान डोळ्यांजवळ धरलं तर त्यावर बारीक लव दिसली. लव वाऱ्याला पानाशी थेट भिडू देत नाही, म्हणून ओल टिकते. आणि उंच वाढून वाऱ्याचा मार खाण्यापेक्षा झुडूप जमिनीलगत बसतं. वर वीतभर पसारा, खाली मात्र मनगटासारखं जाड मूळ.

आम्ही शहाण्यांनी चहासाठी दोन झुडपं मुळासकट उपटली. छान पेटली. मग डाळ चढवली. पाणी खळखळ उकळतंय, डाळ मात्र कच्चीच! अरे, तिथे हवा विरळ. पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळू लागतं. आम्ही आणखी झुडपं ओढली. तेव्हा सोबतचा घोडेवाला हळूच म्हणाला, “साहेब, हे वाढायला वर्षानुवर्षं लागतात. आमच्या बकऱ्या यावरच जगतात, थंडीत आमची चूलही.”

डाळ कच्चीच खाल्ली. घास काही उतरेना.

रुई छाटली तर बुडातून पुन्हा फुटते. पण मूळच निघालं तर फुटायचं कुठून? तेव्हा पुढे कधी तिकडे तंबू घेऊन गेलात तर स्टोव्ह आणि कुकर सोबत न्या. आणि उद्या रुईची पानंच तोडा. झाडाला हिसका देऊ नका.