मागच्या आसनाची मोटार

कोरियातील एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाचा अध्यक्ष सकाळी कचेरीस निघतो तेव्हा तो सहसा स्वतः मोटार चालवीत नाही. चालकाच्या तिरकस मागे, उजव्या हाताच्या आसनावर तो बसतो, तेथेच त्याचे कागदपत्र पाहून होतात, दोन बैठकींच्या मधली विश्रांतीही तेथेच मिळते, आणि म्हणूनच अशा माणसासाठी मोटार घडविणाऱ्या कारखान्याला यंत्रविद्येइतकाच मानवी देहाचा, त्याच्या शिणवट्याचा आणि त्याच्या मानमरातबाचाही विचार करावा लागतो. ह्युंदाई कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेली ‘एक्वस’ आणि तिच्याच वंशात पुढे जन्मलेली ‘जेनेसिस जी९०’ यांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. आपल्याकडे ‘सँट्रो’मुळे घरोघर ठाऊक झालेल्या या कंपनीने लहान, काटकसरीची मोटार करण्याची विद्या आधी हस्तगत केली, पण मागच्या आसनाची मोटार स्वतःच्या बळावर करावयास तिला आणखी पुष्कळ वर्षे लागली, आणि त्या विलंबाची कारणे मोठी उद्बोधक आहेत.

चुंग जू-युंग यांनी १९६७ साली स्थापन केलेली ही कंपनी प्रारंभी फोर्डच्या मोटारी जुळवून देण्याचेच काम करी. तिच्या स्वतःच्या नावाची ‘पोनी’ १९७५ च्या अखेरीस उल्सानच्या कारखान्यात तयार होऊ लागली तेव्हा तिचे बाह्यरूप इटलीच्या जुजारो यांनी रेखाटलेले होते, कामाची सूत्रे ब्रिटिश लेलँड सोडून आलेल्या जॉर्ज टर्नबुल यांच्या हाती होती आणि इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे होते. १९८६ साली आलेली ‘ग्रँड्युअर’ ही त्या काळची कोरियातील मानाची मोटार. तीही मित्सुबिशीच्या सहकार्याने सिद्ध झाली होती आणि जपानात तीच ‘डेबोनेर’ या नावाने विकली जाई. नवख्या कारखान्याने जाणत्याकडून विद्या घ्यावी यात कमीपणा मुळीच नव्हता. परंतु उसनवारीच्या करारनाम्यात काय द्यावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे हे ठरविण्याचा अखत्यार नेहमी देणाऱ्याकडे राहतो, आणि प्रत्येक इंजिनामागे स्वामित्वशुल्क मोजावे लागते ते वेगळेच. सबब अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम केलेल्या ली ह्युन-सून या अभियंत्याला १९८४ साली बोलावून कंपनीने स्वतःच्या इंजिनाचे काम त्याच्यावर सोपविले, आणि १९९१ साली ‘आल्फा’ हे कोरियन आराखड्याचे पहिले इंजिन तयार झाले. पुढे २००२ साली ह्युंदाई, डेम्लरक्रायस्लर आणि मित्सुबिशी यांनी मिळून चार सिलिंडरांच्या इंजिनांसाठी एक संयुक्त संस्था काढली तेव्हा तिने पायाभूत मानलेला आराखडा ह्युंदाईचा होता. ज्या मित्सुबिशीच्या इंजिनावर ‘पोनी’ धावली, तीच आता कोरियन आराखड्याच्या आधाराने इंजिने करणार होती.

लहान इंजिन साधले, तरी मोठी मोटार अद्याप साधली नव्हती. १९९७ च्या उत्तरार्धात कोरियावर आर्थिक अरिष्ट कोसळले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे धाव घ्यावी लागली. या अरिष्टाच्या तोंडावरच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, कोरियातीलच सँगयाँग या दुसऱ्या कंपनीने जर्मन मर्सिडीजच्या सांगाड्यावर आणि मर्सिडीजच्याच इंजिनांवर उभारलेली ‘चेअरमन’ ही भव्य मोटार बाजारात आणली होती. या ‘चेअरमन’चा महाराष्ट्राशीही काही काळ संबंध आला, कारण सँगयाँगचा कारभार अनेक हात बदलून २०११ साली मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रकडे आला, पण महिंद्रांच्याच अमलात, २०१७ साली, या मोटारीचे उत्पादन थांबले. मर्सिडीजच्या इंजिनाने तिला आरंभीच जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती तिच्या जोडीला स्वतःचे असे इंजिन पुढेही उभे राहिले नाही, हे तिचे दुर्दैव मला खऱ्या अर्थाने शोचनीय वाटते.

एक्वसही प्रथम अशीच उसन्या विद्येवर उभी होती. १९९९ च्या एप्रिलात ती आली आणि त्याच वर्षी जपानी मोटारींच्या आयातीवरील दीर्घकाळचे निर्बंध उठले, म्हणजे घरची बाजारपेठ खुली होण्याच्या सुमारासच तिचा जन्म झाला. मित्सुबिशीबरोबर संयुक्तपणे आखलेल्या या मोटारीत साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे किंवा साडेचार लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन पुढील भागात आडवे बसविलेले असे आणि त्याची शक्ती पुढच्याच चाकांना मिळे. या रचनेने आतील जागा वाचते, म्हणून लहान मोटारीला ती उत्तम. परंतु आठ सिलिंडरांचे जड यंत्र आडवे घातले की पुढचा आस भाराखाली दबतो, आणि ओढण्याचे व वळविण्याचे अशी दोन्ही कामे एकाच चाकांकडे आल्याने जोराने निघताना स्टीअरिंगला हिसका बसतो. उलट इंजिन उभे, म्हणजे मोटारीच्या लांबीच्या दिशेने, बसवून शक्ती मागच्या चाकांकडे नेली की पुढची चाके केवळ दिशा सांभाळतात, भार दोन्ही आसांवर वाटला जातो, आणि पुढचा आस नाकाकडे सरकविता येऊन मागच्या आसनापुढे पाय पसरण्यास जागा राहते. मर्सिडीजसारख्या जर्मन मोटारी पिढ्यान्‌पिढ्या हीच रचना पाळीत आल्या त्यामागे मागच्या आसनाचा हा विचारही होता. जपानात मित्सुबिशीने या मोटारीच्या भावंडांचे, ‘प्राउडिया’ व ‘डिग्निटी’ यांचे, उत्पादन २००१ सालीच बंद केले. कोरियात मात्र एक्वस पुढे जवळजवळ दशकभर चालली.

त्या अवधीत ह्युंदाईने नवा सांगाडा आणि नवे इंजिन स्वतः तयार केले. २००८ साली आलेल्या ‘जेनेसिस’ या सेदानमध्ये मागच्या चाकांना शक्ती देणारी रचना आणि ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे ‘टाऊ’ इंजिन होते. २००९ च्या प्रारंभी उत्तर अमेरिकेत तिला वर्षातील उत्कृष्ट मोटारीचा सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी याच पायावर दुसरी एक्वस उभी राहिली. तरीही एक महत्त्वाचा भाग उसनाच होता: गिअरबॉक्स, कुणा मोटारीत जपानच्या आयसिनचा तर कुणात जर्मनीच्या झेडएफचा. मागच्या आसनावर डोळे मिटून बसलेल्या माणसाला इंजिनाची ताकद जाणवत नाही, पण एका गिअरातून दुसऱ्यात जातानाचा किंचितसा धक्काही जाणवतो, म्हणून हे काम परक्या हाती ठेवणे कंपनीला मानवले नाही. थोड्याच काळात तिने आठ गतींचा स्वतःचा गिअरबॉक्स एक्वसमध्ये बसविला. पोलादाचीही हीच कथा. १९९७ च्या प्रारंभी दिवाळे निघालेल्या हानबो कंपनीचा डांगजिन येथील कारखाना ह्युंदाई समूहाने २००४ साली घेतला आणि २०१० साली तेथे स्वतःची झोतभट्टी पेटविली. पुढच्या पिढीच्या सांगाड्यात निम्म्याहून अधिक पोलाद उच्च ताणशक्तीचे होते.

ती पुढची पिढी, ‘ईक्यू९००’, २०१५ च्या डिसेंबरात आली. डिसेंबर हा योगायोग नव्हता. कोरियन उद्योगसमूहांत वर्षअखेरीस बढत्यांचे हुकूम निघतात, आणि दर्जाप्रमाणे मोटार देण्याचा तेथे शिरस्ता असल्याने नव्या मोटारींच्या मागण्याही तेव्हाच येतात. या मोटारीचे चालकाचे आसन मला सर्वांत लक्षणीय वाटते. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील तज्ज्ञांच्या साहाय्याने केलेल्या व्यवस्थेत चालकाने स्वतःची उंची, बसल्यावरची उंची आणि वजन पडद्यावर नोंदविले की आसन, स्टीअरिंग आणि बाजूचे आरसे त्याच्या शरीरयष्टीनुरूप आपोआप जागा घेतात. आसन एकूण बावीस प्रकारे हलते, आणि पाठीच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या जर्मन संस्थेचे प्रमाणपत्रही त्याला मिळाले. धन्यासाठी सारे करावे आणि दिवसभर मोटार हाकणाऱ्याच्या पाठीकडे दुर्लक्ष करावे, असे येथे झाले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

राहिला प्रश्न नावाचा, आणि तो यंत्रापेक्षा अवघड ठरला. १९८६ साली अमेरिकेत गेलेली ‘एक्सेल’ पहिल्या वर्षी दीड लाखावर खपली, पण तिच्या नादुरुस्तीने कंपनीची जी दुष्कीर्ती झाली ती पुसावयास संस्थापकांचे पुत्र चुंग मोंग-कू यांच्या कारकिर्दीत दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची लेखी हमी द्यावी लागली. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस एक्वस विकावयास काढली तेव्हा मोटार दुरुस्तीसाठी ग्राहकाच्या घरून नेऊन पुन्हा घरी पोहोचविण्याची तजवीज केली होती. तरी डिकीवर ह्युंदाईचे चिन्ह पाहून श्रीमंत गिऱ्हाईक थबके. कोरियातील मोटारींवर तर कंपनीने आधीपासून स्वतःचे चिन्ह न लावता पंखांची निराळी मुद्रा लावली होती. अखेर २०१५ च्या नोव्हेंबरात ‘जेनेसिस’ हे स्वतंत्र नाव जाहीर झाले, एक्वस हे नाव मागे पडले, आणि २०१८ पासून कोरियातही ‘ईक्यू९००’ जी९० म्हणून ओळखली जाऊ लागली.

२०२१ च्या अखेरीस आलेल्या जी९० मध्ये रस्त्याचा आवाज आवाजानेच मिटविण्याची योजना आहे: चाकांजवळची संवेदके कंपन टिपतात, संगणक त्याच्या नेमकी उलट लहर काढतो आणि ध्वनिक्षेपकांतून ती सोडली की दोन्ही लहरी परस्परांना छेदून मागच्या आसनाशी पोहोचणारी घरघर मंदावते. दार लावण्यासाठी हात लांबवावा लागत नाही, बटण दाबले की पुरते. आणि एवढ्या सायासाने मिळविलेले आठ सिलिंडरांचे इंजिन या पिढीत कंपनीने स्वतःच वगळले. त्याच्या जागी साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे इंजिन आले, आणि लांब सांगाड्याच्या मोटारीत त्याला विजेवर चालणाऱ्या सुपरचार्जरची जोड मिळाली, जेणेकरून थांबलेली मोटार निघताना टर्बोंना वेग घेण्यास जो क्षण लागतो त्या क्षणीही मागे बसलेल्याला ओढ कमी पडल्याचे जाणवू नये.