मृत्युपत्र आणि बहिणीची सही

घरांतील कर्ता पुरुष गेला, तेरावा झाला, आलेले आप्तेष्ट आपापल्या गांवीं परतूं लागले, कीं माजघरांतील लोखंडी पेटी उघडली जाते. तींत काय निघेल हें पुष्कळदां त्यांच्या पत्नीसहि ठाऊक नसतें. वाड्याचें मालमत्तापत्रक निघतें, शेताचा जुना सातबारा निघतो, साखर कारखान्याच्या भागाचा दाखला, बँकेच्या ठेवपावत्या. बहुधा निघत नाहीं तें मृत्युपत्र. त्या दिवसापासून कोर्टाचें जें भय घरांत शिरतें, त्याविषयीं आम्ही आज लिहीत आहोंत.

आमच्या अहिल्यानगरच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्याच्या, वाचकांची पहिली भीति तरी अस्थानीं आहे. मृत्युपत्र केलें तरी तें कोर्टांत शाबीत करून प्रोबेट घ्यावेंच लागतें, असा समज मुंबईचे पाहुणे येतांना घेऊन येतात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या २१३ व्या कलमानें हिंदूंवर ही सक्ती होती खरी. परंतु ती जुन्या बंगालच्या मुलुखापुरती आणि मद्रास व मुंबई हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती. नगर, संगमनेर, पारनेर, शेवगांव हीं त्या हद्दींत कधींच नव्हतीं. ज्यांचा मुंबईस ब्लॉक होता त्यांस मात्र ती बाधत असे. तें कलमहि संसदेनें २०२५ च्या डिसेंबरांत काढून टाकलें आहे.

तेव्हां उरतें तें मृत्युपत्र नीट करणें. त्यास मुद्रांक लागत नाहीं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अवश्य पाहिजेत. आमचे वडीलधारे या कामीं आपल्याच वयाचे दोन स्नेही बोलावितात, हें आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटत आलें आहे. पुढें वाद निघाल्यास निदान एका साक्षीदारास कोर्टांत उभें करावें लागतें. म्हणून साक्षीदार पुष्कळ लहान वयाचे, आणि ज्यांस मिळकतींतून कांहीं मिळावयाचें नाहीं असे असावे.

मृत्युपत्रानें देतां येतें तें स्वतःचें. एकत्र कुटुंबांतील आपला अविभक्त हिस्साहि मृत्युपत्रानें देण्याची मुभा १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें दिली. तत्पूर्वीं ती नव्हती. पण संपूर्ण वडिलार्जित वाडा 'थोरल्यास दिला' असें लिहून ठेवणारे गृहस्थ अजून भेटतात. दुसऱ्याचा हिस्सा कोणासहि देतां येत नाहीं, आणि त्या दुसऱ्यांत मुलीहि आहेत.

धर्मशास्त्राच्या दृष्टीनें आपला जिल्हा मोठ्या मौजेच्या जागीं होता. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' वरचढ मानीत. पुणें, नगर व खानदेश येथें मात्र मयूख आणि विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' यांस इंग्रजी अमदानींतील मुंबई हायकोर्टानें सारखा मान दिला. नीलकंठभट्टांचें घराणें मूळचें पैठणचें, म्हणजे शेवगांव तालुक्याच्या पलीकडे गोदावरी ओलांडली कीं लागणाऱ्या गांवचें. बहीण भावाच्याच गोत्रांत जन्मली, या आधारावर त्यांनीं तिला वारसांच्या मालिकेंत आजीच्या पाठोपाठ जागा दिली. मुलीचा हक्क हें परकें खूळ आहे असें म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींस, व केंद्र सरकारनें ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वच मुलींस, मुलाप्रमाणें जन्मतः सहदायाद केलें. २००५ सालीं वडील हयात नसले तरी हा हक्क बुडत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. इतकें होऊनहि भाऊबीजेस ओवाळून घेतलेला भाऊ दुसरे दिवशीं हक्कसोडपत्राचा मसुदा पुढें करतो. वडिलार्जित हिस्सा मोबदल्याविना भावास सोडण्यास मुद्रांक अवघा ५०० रुपयांचा, त्यामुळें घाईहि फार. बहिणीनें राजीखुषीनें सोडल्यास कोणाचें कांहीं म्हणणें नाहीं. पण माहेर तुटेल या धाकानें केलेली सही राजीखुषीची नव्हे. आणि अशा सहीवरूनच पुढें भाचे कोर्टांत जातात. वडिलांनीं हयातींत चौघांसमोर वांटणी करून ठेवली, तर बहिणीवर हा प्रसंगच येत नाहीं. शेताची वांटणी सर्व सहधारकांच्या संमतीनें जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे होते.

कांहीं गृहस्थ राहतें घर बक्षीसपत्रानें मुलाच्या नांवें करून मोकळे होतात. तेथें मुद्रांक २०० रुपयेच. इतर आकार निराळे. पण बक्षीस परत घेतां येत नाहीं. 'आमचा सांभाळ करावा' ही अट पत्रांत लिहिलेली असली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या २३ व्या कलमाखालीं दाद मागतां येते. ती लिहितांना संकोच करूं नये.

नामनिर्देशनाविषयींचा भ्रम तर घरोघरीं आहे. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगांवकर २०१३ सालीं वारले. त्यांचें मृत्युपत्र होतें, आणि म्युच्युअल फंडांत नामनिर्देशित व्यक्तीहि होत्या. नामनिर्देशित तोच मालक काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजीं निकाल झाला कीं, नाहीं. तो रक्कम हातीं घेणारा विश्वस्त, मालक ते वारस. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेंत चार नांवें देतां येतात. तीं अवश्य द्यावीं, म्हणजे पैसे अडून राहत नाहींत. पण त्यास मृत्युपत्र समजूं नये.

मृत्युपत्र नसेल आणि बँक अडून बसेल, तर ठेवी व रोख्यांसाठीं १९२५ च्या कायद्याखालचें वारसा प्रमाणपत्र, किंवा १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालीं वारस दाखला, दिवाणी कोर्टांतून काढावा लागतो. आगगाडीच्या आधींचा हा नियम आपल्याकडे आजहि चालतो! शेतासाठीं मात्र तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी. त्या नोंदीनें मालकी सिद्ध होत नाहीं, पण ती नसली म्हणजे पीककर्जापासून सारेंच अडतें.

मृत्युपत्राची मूळ प्रत कोठें ठेविली आहे, तें पत्नीस व एका साक्षीदारास आजच सांगून ठेवावें.