टिश्यूची पट्टी

संपादकांना डेटा सेंटरवर लेख हवा होता. नवी मुंबईतल्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती सोडून मी जिल्ह्याच्या गावातल्या एका सहकारी बँकेची सर्व्हर रूम गाठली. त्या इमारतींकडे पैसा आहे. उन्हाळ्याशी खरी झटापट अशा खोल्यांतच चालते.

इतिहास थोडक्यात. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून गरम करून सोडतो. म्हणून रॅकच्या रांगा तोंडाला तोंड, पाठीला पाठ लावायच्या, म्हणजे थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या राहतात. ही मांडणी १९९२ साली आयबीएमच्या रॉबर्ट सलिव्हन यांनी पुढे आणली.

इथे रॅक एकच, ४२ खणांचा. जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचीचे खण, निम्मे रिकामे. देखभालीचं कंत्राट असलेल्या काकांनी टिश्यू पेपरची पट्टी एका रिकाम्या खणासमोर धरली. (उदबत्तीचा धूर जास्त स्पष्ट दिसतो, पण आगीचा अलार्म कोकलायला लागतो.) पट्टी फडफडत बाहेर, आमच्याकडे आली. मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येत होती आणि वरचा सर्व्हर तीच पुन्हा ओढत होता.

"एसीवर अठरा दिसतंय ना? आता याच्या तोंडाशी बघा," काका म्हणाले. थर्मामीटरवर बत्तीस. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची ‘अ‍ॅश्रे’ ही संघटना सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची शिफारस करते. काकांनी खोक्याचा पुठ्ठा कापून खण बुजवले. चहा होईपर्यंत आकडा सव्वीसवर आला होता. मी चाट पडलो. काकांनी मात्र लगेच पुठ्ठा काढून टाकला. तो पेट घेऊ शकतो. त्या जागी ब्लँकिंग पॅनेलच हवं, म्हणजे प्लास्टिकची किंवा पत्र्याची साधी पट्टी.

बाकीची दुखणी त्यांनी जिन्यातच ऐकवली. घरगुती स्प्लिट एसी चोवीस तास राबवायचा. साडेतीन किलोवॉट वीज सर्व्हरांनी खाल्ली की तेवढीच उष्णता बाहेर पडते, आणि ती उपसायला एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालावा लागतो. वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, एसी बंद. जनरेटर लागेपर्यंत खोली तापतच जाते. वीज आली तरी जुना एसी आपणहून सुरू होत नाही, रविवारी रिमोट दाबायला कोण येणार? पावसाळ्यात ड्रेन पाइप तुंबतो आणि पाणी नेमकं यूपीएसच्या बाजूला ठिबकतं. साहेब घाबरून तापमान सोळावर नेतात, फिल्टर मळलेला असतो, कॉइलवर बर्फ धरतो आणि वाराच बंद होतो.

आता तिसऱ्या एसीचा प्रस्ताव वर गेलाय. पॅनेलचा कोणी पाठवलेला नाही. अशी खोली तुमच्या ताब्यात असेल, तर एसीचं कोटेशन मागवण्याआधी रिकामे खण बुजवा आणि भिंतीवरचा थर्मामीटर रॅकच्या तोंडाशी आणून लावा.