आपल्या संगणकावर कोणते विंडोज आहे?

आपल्या बेटावरील कितीतरी मराठी घरांत संगणक येऊन आता बरीच वर्षे झाली. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, मंडळीचा जमाखर्च, परदेशी गेलेल्या लेकीशी बोलणे, सारे त्याच्यावरच चालते. पण या संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे, असे विचारले तर घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

हा प्रश्न आम्ही आज उगाच काढलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही, म्हणून पुष्कळांना काही झाल्याचे कळलेही नाही. मात्र दर महिन्याला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या तेव्हापासून आपोआप येईनाशा झाल्या. दाराचे कुलूप जुने झाले तरी दार लागतेच. पण ज्या घरातून बँकेचे व्यवहार होतात तेथे असे कुलूप ठेवू नये, असे आम्हांस वाटते.

आवृत्ती पाहणे अगदी सोपे आहे. विंडोजची खिडकीच्या चिन्हाची कळ दाबून धरावी आणि आर दाबावा. लहानशी चौकट उघडेल. तीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. आपल्याकडे कोणाचा संगणक इंग्रजीत असतो, कोणाचा फ्रेंचमध्ये. हा शब्द दोन्हीकडे चालतो. एक अडचण मात्र येऊ शकते. कळांवर इंग्रजी मांडणी छापलेली आणि संगणक फ्रेंच मांडणीवर लावलेला असेल, तर डब्ल्यू दाबताच पडद्यावर झेड उमटते. अशा वेळी झेडची कळ दाबावी, डब्ल्यू मिळेल.

जी माहिती समोर येते तीत विंडोजचे नाव, आवृत्ती आणि बिल्डचा क्रमांक असतो. तिन्ही कागदावर उतरवून घ्यावीत. नुसत्या नावाने भागत नाही, कारण कंपनीची मोजणी मोठी विचित्र आहे. विंडोज ७ आतून स्वतःला ६.१ म्हणवीत असे. विंडोज ९ कधी निघालेच नाही. आणि विंडोज ११ असलेल्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर व्हर असा हुकूम दिला, तर तो आजही १०.० असेच सांगतो! ते वाचून आपले विंडोज जुने आहे असे समजून कोणी घाबरू नये. पुढचा बिल्ड क्रमांक पाहावा. तो २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज ११ समजावे. १९०४५ असेल तर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२.

११ आहे म्हणून निश्चिंत राहावे, असेही नाही. घरगुती संगणकांसाठी विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली आणि २३एच२ ची ११ नोव्हेंबर २०२५ रोजी. म्हणजे नवे विंडोज घेऊनही, अद्ययावत करण्याचा कंटाळा केला तर आपण जुन्यांच्याच रांगेत! येथे उपाय फुकट आहे: सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन पुढची आवृत्ती घ्यावी. डाउनलोड मोठे असते, घाईच्या वेळी सुरू करू नये.

विंडोज १० वाल्यांची गोष्ट वेगळी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, निदान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. चांगले चालणारे कितीतरी संगणक यात बसत नाहीत, आणि त्याबद्दल लोकांची नाराजी आम्हांस योग्यच वाटते. अशांसाठी कंपनीने २०२५ साली १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. पण ती २२एच२ आवृत्तीलाच लागू, आणि त्यासाठी विंडोज अपडेटमधून नोंदणी करावी लागते. म्हणूनच तो कागद हाती हवा.

वापरलेला लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी दुकानदाराकडून ही सहा अक्षरे आपल्यासमोर लिहवून घ्यावीत, आणि मगच पैसे मोजावेत.