हातापुरती भूल

शस्त्रक्रिया एकट्या हाताची आणि शुद्ध मात्र सर्व देहाची हरपावयाची, हा व्यवहार निरोगी माणसाला चालून जातो. पण ज्याचें फुप्फुस दुबळें आहे अशा वृद्धाचें मोडलेलें कोपर सांधावयाचें असतां तोच धोक्याचा ठरतो. अशा वेळीं मानेंतून हाताकडे जाणारे मज्जातंतु तेवढे बधिर केले, तर रोगी जागा राहतो आणि हात निजतो.

कल्पना जुनी आहे. १८८४ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला. १९११ सालीं जर्मनींत कुलेनकाम्फ यानें गळ्याखालच्या आडव्या हाडावरून सुई टोंचून हात बधिर करण्याची रीत काढली, आणि ती स्वतःवरही करून पाहिली! परंतु ही सुई आंधळी होती. वैद्य त्वचेवरील खुणांवरून अंदाज बांधी, आणि रोग्याच्या बोटांत मुंग्या आल्या म्हणजे ठिकाण सांपडलें असें समजे. तेथें शेजारीं मोठी रोहिणी, आणि खालीं फुप्फुसाचा माथा. सुई चुकली तर फुप्फुसालाच भोंक.

१९९४ सालीं व्हिएन्नाच्याच काप्राल प्रभृति डॉक्टरांनीं सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत हीच भूल दिल्याचें प्रसिद्ध केलें. सेकंदाला कोटीभर कंपनें असलेला, कानाला न कळणारा ध्वनि शरीरांत सोडावयाचा व त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र रेखावयाचें, ही यंत्राची रीत. पडद्यावर रोहिणी काळ्या, ठोके देणाऱ्या वर्तुळासारखी दिसते. तिला बिलगून द्राक्षांच्या घोसासारखे मज्जातंतु. (भारतांत गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यान्वयें सोनोग्राफीचें यंत्र नोंदवावें लागतें, मग तें भुलेसाठीं कां असेना.)

आतां सर्व दिसतें, मग शिकावयाचें तें काय उरलें? खरी अडचण येथेंच आहे. ध्वनीचा पट्टा खेळण्यांतल्या पत्त्यासारखा पातळ असतो. सुई त्या पत्त्याच्या पातळींत राहिली तरच सबंध दिसते. आडवी गेली कीं पडद्यावर केवळ एक ठिपका उमटतो. तो ठिपका सुईचें टोंक असेल, किंवा दांडा असेल आणि टोंक केव्हांच पुढें गेलेलें असेल! नवशिक्याचे ठळक दोष दोन: टोंक दिसत नसतांही सुई पुढें सारणें, आणि नजर पडद्यावर खिळली असतां दुसऱ्या हातांतील यंत्राची मूठ नकळत सरकूं देणें. म्हणून आरंभीं जिलेटिनच्या वडीवर किंवा मांसाच्या तुकड्यावर सुई चालवितात. नंतर सहाध्यायाच्या मानेवर नुसतें यंत्र ठेवून, सुईवांचून, रोहिणी व मज्जातंतु ओळखण्याचा सराव होतो. रोग्याची पाळी त्यानंतर, आणि तीही जाणत्याच्या देखरेखीखालीं. किती वेळां केलें याच्या मोजणीपेक्षां टोंक हरवल्यावर हात थांबतो कीं नाहीं, हें पाहणें अधिक शहाणपणाचें.

औषधही एकदम घालीत नाहींत. दट्ट्या मागें ओढून रक्त येत नाहीं हें पाहावयाचें, मग थोडें घालावयाचें, पुन्हां पाहावयाचें; कारण तें रक्तवाहिनींत शिरल्यास झटके येतात, हृदयही थांबूं शकतें. त्यावर उतारा म्हणून शिरेंतून देण्याचें स्निग्ध द्रावण जवळ ठेवितात. पंधरा-वीस मिनिटांनीं हाताला बर्फ लावितात. गारवा कळेनासा झाला म्हणजे शल्यविशारदाला बोलावणें जातें.