परत कसं यायचं?

लालबागमध्ये आमच्या बाबांचा केबलचा धंदा होता. संध्याकाळच्या मालिकांच्या वेळेला घरचा फोन वाजला की तक्रार बहुधा ठरलेली: "टीव्ही गेलाय." लाइनवरचा मुलगा चाळीचे जिने चढून जायचा. वायर शाबूत, बॉक्स चालू, वीजही आहे. रिमोटवरचं 'सोर्स' बटण चुकून दाबलं गेलेलं असायचं आणि काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' ही पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत असायची. तो चित्र परत आणायचा, आजींनी पुढे केलेला चहा प्यायचा आणि उतरायचा.

फोन करणारे बहुतेक साठीच्या पुढचे. गिरणीत एका वेळी दोन-दोन, चार-चार साचे सांभाळलेली माणसं ही. त्यांना एक रिमोट झेपत नाही, हे मला तेव्हाही पटत नसे. आज मी स्मार्ट टीव्हीच्या पडद्यावरचे मेनू आखते, आणि आता तर मुळीच पटत नाही.

आमच्या बैठकीत ज्येष्ठांचा विषय निघाला की पहिली सूचना येते: अक्षरं मोठी करा. करावीतच. पण 'नो सिग्नल' वीतभर अक्षरांतच लिहिलेलं असतं, आणि माणूस नेमका तिथेच अडकतो. ते वाचता येतं. पुढे काय करायचं ते कळत नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. तेव्हाच्या टीव्हीला चालू-बंदचा खटका आणि चॅनलचं चाक असायचं. चाक कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं, बोटांना कळायचं. रिमोटसुद्धा सुरुवातीला असाच सरळ होता. 1956 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांच्या कल्पनेवरून 'स्पेस कमांड' काढला, त्यावर चार बटणं होती. आत ॲल्युमिनियमच्या छोट्या दांड्या. बटण दाबलं की इवलीशी हातोडी दांडीवर आपटायची, माणसाच्या कानापलीकडचा सूर निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. बॅटरी लागत नसे. आपल्याला ऐकू यायचा फक्त खटका, त्यामुळे बटण लागलं की नाही ही शंकाच उरत नसे. आणि मुख्य म्हणजे एका बटणाला एकच काम.

आता 'ओके' बटणाचं काम आपण कुठे आहोत त्यावर ठरतं. चित्र चालू असताना ते यादी उघडतं, यादीत चॅनल लावतं, ॲपमध्ये कार्यक्रम थांबवतं आणि भलत्या चौकटीवर असलो तर एखादा पॅकही घेऊन टाकतं. आपण कुठे आहोत, हे मात्र पडदा सांगत नाही. संगणक वापरलेल्याला सवय असते: मेनू वर आला तरी कार्यक्रम मागे चालूच आहे. पण साठी उलटेपर्यंत टीव्ही खटक्यावर चालवलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारणच काय? त्याच्या हिशेबी चित्र गेलं म्हणजे टीव्ही गेला. वर, तो आपल्याच हातून बिघडला ही धास्ती. मग पुढच्या वेळी तो रिमोटला हातच लावत नाही. नातू शाळेतून येईपर्यंत लावलेलं तेच चॅनल बघत बसतो. ज्येष्ठांच्या पडद्यावर सगळ्यांत आधी परत यायची वाट हवी, असं माझं मत त्यातूनच बनलं.

31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्री मुंबईतली ॲनालॉग केबल बंद झाली आणि बॉक्स सक्तीचा झाला. योगायोग असा की ब्रिटनमधलं शेवटचं ॲनालॉग प्रक्षेपण त्याच महिन्याच्या 24 तारखेला थांबलं. तिथे 75 वर्षांवरच्या आणि अपंग प्रेक्षकांसाठी बीबीसीमार्फत खास मदत योजना होती: बॉक्स घरी येऊन जोडायचा, चालवून दाखवायचा आणि नंतर अडलं तरी बघायचं. आमच्याकडे ही सगळी योजना म्हणजे बाबांचा लाइनवरचा मुलगा. पुढे 2019 मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'चे नवे दर आले आणि ज्याला जे चॅनल हवं ते त्याने निवडून कळवायचं ठरलं. बाबांनी छापील यादी चाळीत फिरवली. आजी-आजोबांनी चष्मा लावून पेनाने खुणा केल्या, नको ती चॅनलं ठामपणे खोडली, बेरीज करून पैसेसुद्धा पडताळले. म्हणजे निवड करणं अवघड नव्हतं.

शरीराचा भाग आहेच, तो नाकारून चालणार नाही. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट आणि दाट होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश. आमच्या तरुण मंडळींना आवडणारी राखाडीवरची फिकट पांढरी अक्षरं किंवा निळ्यावरची जांभळी चौकट त्यात विरघळून जाते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान 4.5 ला 1 इतकं प्रमाण हवं, हा वेबचा रूढ दंडक. टीव्हीसाठी मी त्याहून बरंच जास्त धरते.

पण उजेडापेक्षा मोठी अडचण चष्म्याची, आणि ती आमच्या क्षेत्रातल्या पंचविशीच्या मुलांच्या डोक्यात येत नाही. रिमोट हातात आणि पडदा दहा फुटांवर. दोन भिंगांच्या चष्म्यातून रिमोट बघायला खालचा भाग, टीव्ही बघायला वरचा. मान खाली घालायची, बाणाचं बटण शोधायचं, अंगठा त्यावर ठेवायचा, मान वर करायची. तोवर पडद्यावरची यादी मिटलेली, कारण कुणीतरी ठरवलंय की काही सेकंद काही दाबलं नाही तर माणसाला ती नको आहे. त्याला ती हवीच होती. तो बटण शोधत होता.

घरोघरी लोकांनी यावर आपापले उपाय काढलेत. चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका. रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेले चॅनलचे नंबर. एका घरी तर पुठ्ठ्याला खिडक्या कापून रिमोटवर चढवलेला पाहिला. आवाज, चॅनल आणि चालू-बंद एवढंच बाहेर, बाकी सगळं झाकून. (त्या आजोबांना नोकरीवर ठेवावं असं मला मनापासून वाटलं.) उलट, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची आपली आवडती रीत मात्र घात करते. बोटांना बटणाचा उंचवटा लागत नाही आणि मान आणखी एकदा खाली जाते.

या विषयातलं सर्वांत शहाणं काम मला स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचं वाटतं. तिथे ॲलन न्यूवेल यांनी वृद्ध आणि अपंग माणसांसाठीच्या संगणकशास्त्रावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्यासमोरचा प्रश्न आम्हाला रोज भेटतो. जे अजून कुणी पाहिलेलंच नाही, ते कसं हवं हे माणसाला विचारायचं कसं? आपल्याकडे तर उत्तर ठरलेलं: "छान केलंय हो, चालेल." पोरांनी एवढी मेहनत केलीय, त्यांना नावं कशाला ठेवा.

डंडीकरांनी नाटक केलं. मार्क राइस, न्यूवेल आणि नाट्यदिग्दर्शिका मॅगी मॉर्गन यांनी घरातून दूरच्या माणसांशी संपर्क साधायच्या एका यंत्रणेसाठी ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांचं 'फोरम थिएटर' वापरलं. त्यावरचा त्यांचा लेख 2007 मध्ये आला. नटांनी प्रसंग करायचा, मध्येच थांबायचं, आणि समोर बसलेल्या वृद्ध प्रेक्षकांनी पात्राला विचारायचं, झापायचं, सुचवायचं. यात दोन गोष्टी साधतात. यंत्र खरं बनवावंच लागत नाही, खोकंही पुरतं. आणि टीका पात्रावर होते, समोरच्या पोराला दुखवावं लागत नाही. याच राइस यांनी नॉर्मन ॲल्म यांच्यासोबत ज्येष्ठांकरिता परस्परसंवादी टीव्हीच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या. ते काम 2008 मध्ये प्रसिद्ध झालं.

आम्ही हा प्रयोग एका विरंगुळा केंद्रात केला. प्रसंग साधा: टीव्हीवर मुलीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल येतो. आजोबांचं काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने लगेच 'ओके' दाबलं आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "अहो, थांबा! तिला तुम्ही दिसताय का ते आधी बघा. गंजीवर आहात." मग चर्चा त्याच दिशेला गेली. फोन घेतला की आपलं चित्र आपोआप जाता कामा नये. ते जातंय की नाही, हे पडद्यावर ठळक दिसलं पाहिजे. त्याआधी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत कॅमेऱ्याबद्दल एक अवाक्षर कुणी लिहिलं नव्हतं.

तरुण अभियंत्यांना म्हातारपण कळावं म्हणून सांधे आणि नजर जखडणारे पोशाखही निघालेत. एमआयटीच्या एजलॅबचा 'ॲग्नेस' त्यांतला प्रसिद्ध. मला त्यांचं फार कौतुक नाही. पोशाखाने गुडघे दुखतील, पण चाळीस वर्षांची सवय अंगात कशी येणार?

मग पडदा आखायचा कसा? मी यादी मागितल्याशिवाय मिटू देत नाही. मेनू उघडला तरी चालू चित्र कोपऱ्यात दिसत राहतं, म्हणजे टीव्ही 'जात' नाही. 'मागे' दाबलं की एकच पायरी मागे, आणि घराचं चित्र असलेलं बटण कुठूनही नेहमीच्या चॅनलवर. पैशांचा प्रश्न आला तर खूण आधीपासून 'नको'वर. चौकटींच्या जागा कायम. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भांडते आणि सगळ्यात जास्त वेळा हरते, कारण पहिला पडदा आता दुकान झालाय. वरच्या रांगेची जागा विकली जाते, आणि दर अपडेटनंतर बातम्यांची चौकट नव्या ठिकाणी. डोळ्यांपेक्षा बोटांच्या आठवणीवर चालणाऱ्या माणसाचा टीव्ही तिथे रातोरात परका होतो.

आवाजाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे होतात, त्यांच्यासोबत स, श, फ यांसारखे वर्णही पुसट होतात, आणि मालिकेचं पार्श्वसंगीत उरलेलं गिळतं. आवाज वाढवला तर संगीतही वाढतं. 2019 मध्ये बीबीसीने 'कॅज्युअल्टी' मालिकेच्या एका भागासोबत एक सरकपट्टी देऊन पाहिली: ती सरकवली की संवाद स्पष्ट होतात आणि कथेला न लागणारे आवाज खाली जातात. असं काही आपल्या मालिकांना मिळालं, तर शेजारच्या खोलीतल्या अभ्यास करणाऱ्या मुलांचेही आशीर्वाद मिळतील.

हल्ली बोलून चॅनल लावायची सोय आली आहे आणि बाणांनी एकेक अक्षर टिपण्यापेक्षा ती फार बरी. फक्त यंत्राला दम नसतो. आजी बोलतात तशा बोलतात: "अगं, ती… काल ती सून घर सोडून गेली ना, ती मालिका लाव बाई." पहिल्या 'ती'नंतर त्या आठवायला थांबल्या की यंत्र ऐकणं बंद करतं. आम्ही थांबायची मुदत वाढवली, मधल्या शब्दांकडे दुर्लक्ष करायला शिकवलं. चाचणीच्या दिवशी मालिका बरोबर लागली. आजी खूश होऊन म्हणाल्या, "शाब्बास रे बाळा," आणि मालिका बंद करून टीव्हीने आयुष्मान खुरानाचा 'बाला' लावला.